तेच अपडेट पुन्हा पुन्हा का येतं? विंडोज नेमकं कुठे अडलंय ते ओळखण्याची रीत

महिन्यातल्या एखाद्या बुधवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की 'रीस्टार्ट करा' अशी विनंती समोर येते. बुधवारच का? मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट्स सोडते, तीही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजले की. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात म्हणून हा तासाचा फरक. तुम्ही झोपेत असता आणि अपडेट येऊन दारात बसलेलं असतं.

इथवर ठीक. पण रीस्टार्ट केलं, टक्के चढले, मध्येच 'अनडूइंग चेंजेस' असं झळकलं, डेस्कटॉप जसाच्या तसा परत आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अपडेट हजर झालं, की माणूस वैतागतो. मग कुणीतरी सांगतं की अमुक फोल्डर उडव, सगळं ठीक होईल. कधी होतंही. बऱ्याचदा होत नाही, कारण तो उपाय ज्या टप्प्यावरचा आहे तिथे बिघाड नसतोच. अपडेट चार टप्प्यांतून जातं आणि प्रत्येक टप्प्याचा बिघाड वेगळा, औषधही वेगळं. आधी टप्पा ओळखायचा, मग हात लावायचा.

लेखाच्या सोयीसाठी दोन गोष्टी. कमांड आणि एरर कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. कॉम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील आणि तसेच टाइप करायचे. शिवाय प्रत्येक कोडच्या आधी शून्य आणि एक्स असतो. तो सगळीकडे सारखाच, म्हणून गाळला आहे.

आधी हे तपासा: ते खरंच तेच अपडेट आहे का?

सेटिंग्ज उघडा, विंडोज अपडेटमध्ये जा आणि अपडेट हिस्टरी पाहा. प्रत्येक अपडेटपुढे केबी आणि एक आकडा असतो. इथे केबी म्हणजे नॉलेज बेस, किलोबाइट नव्हे. हा आकडा जुळतो म्हणून अपडेट तेच, असं मात्र समजू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो केबी २२६७६०२ या आकड्यावरून. ही विंडोज डिफेंडरची व्हायरस-यादी. ती रोज येते, दिवसातून अनेकदाही येते, आणि वर्षानुवर्षं हाच आकडा घेऊन येते. बदलतो तो फक्त शेवटचा व्हर्जन नंबर. हिस्टरीत तिच्या पन्नास ओळी दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. उलट त्या दिसल्या नाहीत तर काळजी करा. व्हायरस काढणाऱ्या टूलचंही तसंच: केबी ८९०८३० हा त्याचा कायमचा आकडा. डॉटनेट, म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमना लागणारी मायक्रोसॉफ्टची आधार-प्रणाली; तिची अपडेट्स मुख्य अपडेटपासून वेगळी येतात. महिन्याच्या शेवटी 'प्रीव्ह्यू' नावाचं आणखी एक अपडेट दिसतं, ते ऐच्छिक असतं. त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या दुसऱ्या मंगळवारच्या अपडेटमध्ये येणारच असतात. घरच्या कॉम्प्युटरवर प्रीव्ह्यू घेण्याची घाई करू नये, असं आमचं मत.

हे सगळं वगळून एकच नाव, एकच आकडा आणि त्यापुढे 'फेल्ड' असं दोन-तीनदा दिसत असेल, तर दुखणं खरं आहे. तिथेच बाजूला किंवा खाली एरर कोड असतो. तो आत्ताच कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या एका उपायात ही हिस्टरी पुसली जाते आणि मग कोड शोधत बसावं लागतं.

चार टप्पे

पहिला टप्पा चौकशीचा. विंडोज अपडेट नावाची सर्व्हिस मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारते की माझ्याकडे हे हे आहे, काय काय बाकी आहे? दुसरा डाउनलोडचा. फायली तुकड्यातुकड्यांनी येऊन सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन या फोल्डरात जमा होतात. तिसरा बांधणीचा. टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' या नावाने प्रोसेसर खाताना दिसतो तो याच कामाला लागलेला असतो. आणि चौथा, रीस्टार्टच्या वेळी निळ्या किंवा काळ्या पडद्यावर चालणारा, प्रत्यक्ष बदली करण्याचा. चालू असलेल्या विंडोजच्या काही फायली वापरात असताना बदलता येत नाहीत, म्हणून हा टप्पा शेवटी.

तिसरा टप्पा जरा खोलात समजून घेण्यासारखा आहे, कारण हट्टी बिघाड बहुतेक तिथेच असतात. विंडोजचं एक कोठार असतं, विनएसएक्सएस नावाचं फोल्डर. विंडोजच्या प्रत्येक भागाच्या प्रती त्यात ठेवलेल्या असतात. महिन्याचं अपडेट पूर्ण फायली पाठवत नाही. मूळ फायलीत कुठे काय बदलायचं एवढाच फरक पाठवतं. म्हणजे शिंप्याकडे 'दोन इंच सैल करा' अशी चिठ्ठी आली, पण ब्लाउजच नाही, तर तो काय उसवणार? कोठारातली मूळ फाइल खराब झाली किंवा गायब झाली की अपडेट कितीदाही डाउनलोड करा, शिवून होत नाही. आणि प्रत्येक वेळी विंडोज प्रामाणिकपणे पुन्हा डाउनलोडपासून सुरुवात करतं. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की तेच अपडेट पुन्हा आलं.

कोठार बिघडतं कशाने? अपडेट चालू असताना वीज गेली आणि यूपीएस नव्हता, हे एक नेहमीचं कारण. टक्के हलत नाहीत म्हणून पॉवर बटण दाबून धरलं, हे दुसरं. डिस्कवरचे खराब भाग हे तिसरं. चौथ्या कारणाबद्दल लोक फारसं बोलत नाहीत: सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या मशीनवर कुणी 'हलकं विंडोज' टाकून दिलेलं असतं, ज्यातून अनावश्यक वाटलेले भाग आधीच कापलेले असतात. अशा विंडोजवर महिन्याचं अपडेट नीट बसलं तर तो योगायोग समजायचा. तिथे दुरुस्ती करत बसू नका, अस्सल विंडोज नव्याने टाका.

कोड काय सांगतो

कोडचं प्रत्येक अक्षर पाठ करायची गरज नाही; घराणं कळलं तरी पुरे. ८०२४ ने सुरू होणारा कोड अपडेट सर्व्हिसचा, म्हणजे बहुधा पहिल्या-दुसऱ्या टप्प्याचा. ८००७२ ने सुरू होणारे बहुतेक कोड नेटवर्कचे: ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, ८००७२एफ८एफ म्हणजे सुरक्षित जोडणी जमली नाही. ८००एफ ने सुरू होणारे कोड बांधणीचे. ८००एफ०८१एफ म्हणजे हवी ती मूळ फाइल सापडली नाही, ८००एफ०८३१ म्हणजे आधीच्या एखाद्या अपडेटचं सामान कोठारात नाही. ८००७३७१२ हाही कोठार बिघडल्याचाच. ८००७००७० म्हणजे सरळ सरळ डिस्क भरली. सी१९००१०१ हा वर्षाच्या मोठ्या अपग्रेडमध्ये दिसतो आणि बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, बोट दाखवतो.

८००७०६४३ हा मात्र लबाड कोड. 'इन्स्टॉल करताना काहीतरी मोडलं' एवढाच त्याचा अर्थ. त्याची हकिगत पुढे येईल.

पाच मिनिटांत होणारे उपाय

घड्याळ पाहा. पाच-सहा वर्षं जुना डेस्कटॉप असेल आणि वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल संपलेला आहे. तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र विंडोजला खोटं वाटतं आणि जोडणीच होत नाही. वरचा ८००७२एफ८एफ हा कोड बऱ्याचदा याचाच. सेल कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा घड्याळजीकडे मिळतो. मशीन बंद करून, वायर काढून बदलायचा, मग तारीख आणि टाइम झोन नीट लावायचा.

जागा पाहा. महिन्याच्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर निदान १० जीबी मोकळी ठेवावी. वर्षाच्या अपग्रेडला २० जीबी धरून चाला. १२८ जीबीच्या एसएसडीवर मोबाइलचे फोटो उतरवून ठेवणाऱ्या घरांत हीच पहिली अडचण असते. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने गेलात तर जुन्या अपडेटचा कचरा तिथूनच काढता येतो. यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं, त्यावरची खूण मात्र काढा. नाहीतर कचऱ्याबरोबर घरातली कागदपत्रंही जातील. विनएसएक्सएस फोल्डर मोठं दिसतं म्हणून त्यात हाताने काहीही उडवू नका. त्यातल्या बऱ्याच फायली आणि विंडोजच्या चालू फायली डिस्कवर एकच असतात, दोन नावांनी दिसतात. त्यामुळे एक्सप्लोररमधला आकडा फुगलेला असतो.

शटडाउन नको, रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते; विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच पुन्हा उघडतो. रोज रात्री मशीन बंद करूनही 'रीस्टार्ट बाकी आहे' असं का दिसतं, याचं उत्तर बऱ्याच घरांत हे असतं. 'अपडेट अँड शट डाउन' निवडून झोपलात आणि सकाळी मशीन चालूच दिसलं, असंही कित्येक वर्षं होत होतं. ती विंडोजचीच चूक होती आणि विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अखेरीस ती सुधारली.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर जोडणी 'मीटर्ड' ठरवलेली आहे का पाहा. तशी असेल तर विंडोज मोठी डाउनलोड्स मुद्दाम थांबवून धरतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या घरात ती सोय आहे, बिघाड नव्हे. पण मग महिन्यातून एकदा कुणाकडच्या तरी ब्रॉडबँडवर बसून अपडेट उरकून घ्यावं लागतं.

बाहेरचा अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन असेल तर तो काही वेळापुरता काढून पाहा. नुसता 'डिसेबल' करून भागत नाही, त्याचे ड्रायव्हर जागेच असतात; अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करायचं. विंडोजचा डिफेंडर तेवढ्यात आपोआप राखणीला येतो.

डाउनलोड अडलं असेल तर

टक्के शून्यावरच, किंवा ठरावीक आकड्यावर तासन्‌तास, किंवा कोड ८०२४ घराण्यातला: तेव्हा अर्धवट उतरलेला साठा फेकून नवा उतरवायचा. तो प्रसिद्ध फोल्डर उडवण्याचा उपाय तो हाच. नीट असा करा.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या. काळ्या खिडकीत 'नेट स्टॉप' असं लिहून पुढे सर्व्हिसचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचं. तीन सर्व्हिस थांबवायच्या आहेत. पहिलीचं नाव डब्ल्यू-यू-ए-यू-एस-ई-आर-व्ही, ही अपडेट सर्व्हिस. (मधल्या रेघा अक्षरं सुटी दाखवण्यापुरत्या, त्या टाइप करायच्या नाहीत.) दुसरी बी-आय-टी-एस, फायली उतरवणारी. तिसरी सी-आर-वाय-पी-टी-एस-व्ही-सी, फायलींवरच्या डिजिटल सह्या तपासणारी. तिन्ही थांबल्या की एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, विंडोज या वाटेने जाऊन सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदला, शेवटी ओल्ड जोडलं तरी चालेल. तसंच सिस्टिम३२ मधल्या कॅटरूट२ या फोल्डरचं. शेजारीच नुसतं कॅटरूट नावाचं फोल्डर असतं, त्याला हात लावायचा नाही. दोनचा आकडा पाहूनच नाव बदला. मग रीस्टार्ट. दोन्ही फोल्डर विंडोज नवे तयार करतं, आणि सगळं सुरळीत झालं की जुने उडवता येतात.

नाव बदलताना 'फोल्डर वापरात आहे' असं आलं तर अपडेट सर्व्हिस मधल्या वेळात पुन्हा जागी झालेली असते. पुन्हा थांबवा आणि लगेच नाव बदला. नंतर हिस्टरीचं पान रिकामं दिसेल. घाबरू नका, बसलेली अपडेट्स बसलेलीच आहेत, फक्त नोंदवही गेली. कोड आधी उतरवून ठेवा म्हटलं ते यासाठी.

बांधणी अडली असेल तर

डाउनलोड शंभर टक्के होतं आणि 'इन्स्टॉलिंग'वर मोडतं, कोड ८००एफ घराण्यातला किंवा ८००७३७१२. इथे वरचा उपाय दहा वेळा केला तरी फायदा नाही. शिंप्याला नवी चिठ्ठी दिली, ब्लाउज अजूनही नाहीच.

त्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खिडकीत ही कमांड द्या: डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. क्लीनअप आणि इमेज यांच्यामधली आडवी रेघ मात्र टाइप करायची. रिस्टोअरहेल्थ हा एकसंध शब्द. ही कमांड कोठारातली प्रत्येक वस्तू तपासते आणि खराब निघाली तर मायक्रोसॉफ्टकडून चांगली प्रत मागवते, त्यामुळे इंटरनेट चालू हवं. एसएसडीवर पंधरा मिनिटं, जुन्या हार्ड डिस्कवर तासभरही लागू शकतो. ६२.३ टक्क्यांवर ती बऱ्याचदा अडल्यासारखी दिसते. खिडकी बंद करू नका, चालू द्या.

ती संपली की दुसरी: एस-एफ-सी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. ही चालू विंडोजच्या फायली कोठारातल्या प्रतींशी ताडून पाहते. क्रम महत्त्वाचा आहे. कोठारच बिघडलेलं असताना ही आधी चालवली तर ती बिघडलेल्या प्रतीशीच ताडणार. बरेच जण उलट्या क्रमाने करतात आणि 'काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत' या वाक्यावर थांबतात. दोन्ही झाल्यावर रीस्टार्ट करून अपडेट पुन्हा मागवा.

पहिल्या कमांडचा एक पेच असा, की चांगल्या प्रती ती त्याच अपडेट यंत्रणेतून मागवते जी बिघडली आहे. मग तीही ८००एफ०८१एफ देऊन हात वर करते. तिला विंडोजच्या आयएसओ फायलीतून (म्हणजे अख्खी इन्स्टॉल डिस्क सामावलेल्या एका फायलीतून) प्रती घ्यायला सांगता येतं, पण त्यासाठी आयएसओ नेमक्या त्याच बिल्डची लागते, कमांड लांबलचक असते आणि एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात. घरच्या मशीनसाठी एवढा खटाटोप करू नये. त्यापेक्षा शेवटी सांगितलेली रिपेअर इन्स्टॉल सोपी आणि खात्रीची.

मधला एक मार्ग आहे. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर केबी आकडा टाकून तेच अपडेट फाइल म्हणून उतरवता येतं आणि डबल क्लिक करून बसवता येतं. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल तर एक्स६४ लिहिलेली फाइल घ्या, एआरएम६४ नव्हे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून इथे एक गोम आहे: काही अपडेट्सच्या आधी एक पायाभूत अपडेट लागतं, सप्टेंबर २०२४ चं केबी ५०४३०८० हे पहिलं. डाउनलोडचं बटण दाबल्यावर दोन फायली दिसल्या तर दोन्ही एकाच फोल्डरात उतरवा. आणि कोठार खराब असेल तर हाही मार्ग त्याच जागी अडेल, हे धरून चला.

रीस्टार्टनंतर सगळं उलटं फिरत असेल तर

इथे बांधणी झालेली असते, बदली करताना काहीतरी आडवं येतं. प्रिंटर, डोंगल, बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह, सगळं काढा. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर एवढंच राहू द्या. ग्राफिक्स आणि वाय-फायचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. बाहेरचा अँटिव्हायरस अजून असेल तर आता तरी काढा.

कोड ८००एफ०९२२ असेल तर डिस्कच्या सुरुवातीला असलेला, एक्सप्लोररमध्ये न दिसणारा छोटा बूट विभाग भरला असण्याची शक्यता आहे. तो बऱ्याच मशीनवर जेमतेम १०० एमबीचा असतो आणि त्यात मदरबोर्ड कंपनीच्याही फायली येऊन बसतात. हा विभाग उघडून साफ करणं जमतं, पण चुकलं तर मशीन सुरूच होत नाही. ज्याला पार्टिशनची सवय नाही त्याने हे काम जाणकाराकडे द्यावं.

आता त्या लबाड कोडची हकिगत. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे अपडेट आलं. बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप रिकव्हरी विभागातून (विंडोज बिघडलं तर सावरण्यासाठी राखून ठेवलेल्या डिस्कच्या भागातून) चुकवता येत होतं, ती फट बुजवण्यासाठी. त्यासाठी रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. पण हा विभाग विंडोजनेच पूर्वी लहान बनवलेला होता. परिणाम असा, की जगभर घराघरांत हे अपडेट रोज यायचं, रोज मोडायचं आणि ८००७०६४३ दाखवायचं. जागा कमी आहे असं सांगणारा वेगळा कोड असताना हा भलताच दिसत होता, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलं. लोकांनी कोठार तपासलं, फोल्डर उडवले, काहींनी विंडोज नव्याने टाकलं. उपाय एकच होता: सी ड्राइव्ह थोडा आकसून रिकव्हरी विभाग हाताने मोठा करणं. आपोआप होणारी दुरुस्ती येणार नाही, असं कंपनीने काही महिन्यांनी जाहीर करून टाकलं. ज्यांनी बिटलॉकर लावलंच नव्हतं त्यांनी ते अपडेट तसंच मोडत राहू दिलं, आणि त्यांचं काही अडलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केबी ५०५७५८९ ने हाच कोड दाखवला. त्या वेळी तर अपडेट रीस्टार्टनंतर नीट बसत होतं आणि संदेशच खोटा होता. म्हणून हा कोड दिसला की दुरुस्तीला लागण्याआधी केबी आकडा मायक्रोसॉफ्टच्या साइटवर टाकून 'नोन इश्यूज' हा भाग वाचावा. दहा मिनिटांच्या वाचनाने कधी कधी रविवार वाचतो.

'बसलं' म्हणतं आणि तरी पुन्हा येतं

हिस्टरीत 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' आणि यादीत पुन्हा तेच नाव. हे जवळजवळ नेहमी ड्रायव्हरचं असतं, विशेषतः प्रिंटरचं. विंडोजकडे असलेला ड्रायव्हर आणि कंपनीने दिलेला ड्रायव्हर एकमेकांना ढकलत राहतात. एक बसला की दुसऱ्याला वाटतं आपण बाकी आहोत. प्रिंटर आणि त्याचं सॉफ्टवेअर दोन्ही पूर्ण काढून, कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर एकदाच नव्याने टाका. तरी थांबत नसेल तर स्टार्टमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून 'नो' निवडा.

विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' नावाची यादी असते. तिथले ड्रायव्हर घेण्याची सक्ती नाही. उपकरण चालत असेल तर त्यांना हात लावू नका. तिथे १८ जुलै १९६८ अशी तारीख असलेला इंटेलचा ड्रायव्हर दिसला तर व्हायरस समजू नका: तो इंटेल कंपनीचा स्थापनादिवस आहे आणि दुसरा कुठलाही नेमका ड्रायव्हर असेल तर तो वरचढ ठरावा म्हणून मुद्दाम जुनी तारीख टाकलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर याच कारणासाठी २१ जून २००६ ही तारीख असते.

विंडोज १० वर असाल तर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर महिन्याची सुरक्षा अपडेट्स हवी असतील तर वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवावं लागतं. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. नोंदणी केली नसेल तर अपडेट पानावर येणारं तेच तेच आवाहन म्हणजे बिघाड नाही. विंडोज ११ होमची २३एच२ आवृत्तीही ११ नोव्हेंबर २०२५ ला बाद झाली, त्यामुळे तिथे अडकलेल्या मशीनवर महिन्याची अपडेट्स येत नाहीत. आधी पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं.

रिपेअर इन्स्टॉल

दोन-तीन तास हाताशी असलेला दिवस निवडा. लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस असेल तर उत्तम. डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन आधी कागदावर लिहून घ्या. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळत लागलेलं असतं, आणि की नसेल तर सगळा डेटा गेला समजा.

विंडोज ११ वर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' या ओळीपुढे 'रीइन्स्टॉल नाऊ' असं बटण दिसेल. ते अ‍ॅप, फायली आणि सेटिंग्ज राखून विंडोज पुन्हा बसवतं. अपडेट यंत्रणा इतकी बिघडलेली असेल की हेही चालत नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ उतरवा, डबल क्लिक करून उघडा आणि आतला सेटअप चालवा. विंडोज चालू असतानाच चालवायचा. पेन ड्राइव्हवरून बूट करून चालवलात तर अ‍ॅप राहत नाहीत.

इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक भाषेची. आयएसओ निवडताना 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' असे दोन पर्याय असतात. मशीनवर मुळात जी भाषा आहे तीच घ्यावी लागते. दुसरी घेतली तर 'फायली आणि अ‍ॅप ठेवा' हा पर्याय फिका पडतो, निवडता येत नाही. कोणती आहे हे अंदाजाने ठरवू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खिडकीत डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश गेट-इंटल अशी कमांड द्या. गेटनंतरची रेघ टाइप करायची, आणि शेवटचा शब्द आय-एन-टी-एल असा लिहायचा. 'डीफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज'पुढे ईएन-यूएस असेल तर पहिला पर्याय, ईएन-जीबी असेल तर दुसरा. सेटअपमध्ये तो पर्याय फिका दिसला तर पुढे जाऊ नका, खिडकी बंद करा आणि दुसरी आयएसओ आणा.

रिपेअर इन्स्टॉलनंतर महिना-दोन महिन्यांत कोठार पुन्हा बिघडलं, तर दोष विंडोजचा नसून बहुधा डिस्कचा किंवा रॅमचा आहे. फायली उघडायला वेळ लागतो, मधूनच सगळं गोठतं, हार्ड डिस्क असेल तर टकटक येते: अशी लक्षणं असतील तर अपडेट राहू द्या, सगळ्यात आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग 'चेक डिस्क' चालवा. त्याआधी चालवू नका, कारण खराब भाग शोधताना ते मरणोन्मुख डिस्कला तासन्‌तास राबवतं आणि ती त्यातच जाऊ शकते. डिस्क चांगली निघाली तर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रात्रभर रॅम तपासायला लावा. दोन रॅम-पट्ट्या असतील आणि दोष सापडला, तर एकेक काढून पाहा म्हणजे नेमकी कोणती ते कळेल.